म्हयने खय उलटे येतत?

वाचनालयातल्या माझ्या टेबलावर तारखेचा शिक्का आहे. जुना, लोखंडी, रबरी पट्ट्या फिरवायचा. एका पट्टीवर दिवस, एकीवर महिने, एकीवर वर्षं. महिना संपला की अंगठ्याने मधली पट्टी एक घर पुढे ढकलायची. लोकांना आधी महिना ठाऊक असतो आणि मग ते पट्टी फिरवतात. मी पट्टी फिरवते, वर आलेलं नाव वाचते, आणि मग मला कळतं की आता कुठला महिना लागला. गेली २४ वर्षं हे असंच चाललंय. एकदा ती पट्टी झिजून तुटली, तेव्हा नवा शिक्का येईपर्यंत मी तारखा हाताने आकड्यांत लिहीत राहिले आणि विचारणाऱ्याला सांगितलं, शाई संपलीय.

वय वर्षं ५२. वाचनालयाची जमाखर्चाची वही माझ्याच अक्षरात आहे, दिवाळी अंकांची मागणी मीच लावते, कोणत्या घरातल्या आजींना कुठल्या जातीची कादंबरी चालत नाही हे मला पाठ आहे. पण ऑगस्टच्या आधी कुठला महिना, असं कुणी अचानक विचारलं तर मला जानेवारीपासून निघावं लागतं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च इथपर्यंत रस्ता बरा आहे. एप्रिल आणि मे हापूसमुळे जोडीने येतात. जून-जुलै की जुलै-जून इथे पहिली ठेच. पुढे सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर या तिघांनी तर माझ्याशी कधी सरळ वागायचंच नाही असं ठरवलेलं आहे. तिघांचं शेपूट सारखं, आणि कोण कोणाच्या मागे उभा आहे ते दर वेळी बदलतं.

यावर लोक एक हमखास उपाय सुचवतात. मूठ वळायची, हाडाचा उंचवटा म्हणजे ३१ दिवस, मधला खड्डा म्हणजे ३०. मला ही युक्ती आजवर दहा-बारा जणांनी मोठ्या प्रेमाने शिकवली आहे. मुठीवर महिने मोजायला ते आधी ओळीने यावे लागतात, हे त्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही.

शाळेत हा प्रकार 'लक्ष नाही' या सदरात मोडत असे. चौथीत एकदा वर्गात तपासणीला साहेब आले होते. त्यांनी नेमकं मलाच उठवलं आणि इंग्रजी महिने म्हणायला सांगितले. मी मे महिन्यानंतर थेट ऑक्टोबरात उडी मारली. वर्ग हसला. साहेब गेल्यावर मास्तरांनी मला बाकावर उभं केलं आणि बारा महिने बारा वेळा लिहून आणायला सांगितले. मी लिहून आणले, सुंदर अक्षरात. दुसऱ्या दिवशी म्हणायला उभी राहिले तर पुन्हा तेच. मास्तरांना वाटलं मुलगी मुद्दाम करते. त्यांचाही दोष नाही म्हणा. त्याच आठवड्यात मी वर्गातली सगळ्यात लांब गोष्ट एकही वाक्य न गाळता सांगितली होती. गोष्टीत एकातून दुसरं निघतं. राजा शिकारीला गेला म्हणून वाट चुकला, वाट चुकला म्हणून झोपडी दिसली. जूनमधून जुलै निघत नाही. तो नुसता शेजारी ठेवलेला असतो.

वाचनालयात नोकरी लागली तेव्हा खरी पंचाईत झाली. खाडीकाठचं लहान गाव, देवगड तालुका, दोन खोल्या आणि ११ कपाटं. पुस्तकं लेखकांच्या आडनावांप्रमाणे वर्णानुक्रमे लावायची. आमचं वाचनालय 'क' वर्गाचं आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रातली सार्वजनिक वाचनालयं अनुदानापुरती अ, ब, क, ड अशा वर्गांत बसतात. आता मला सांगा, अ, ब, क, ड ही कुठल्या गावची वर्णमाला? अ नंतर ब? ब नंतर क? कुणीतरी साहेबी ए, बी, सी, डी ला धोतर नेसवून उभं केलंय. मराठी पुस्तकं सांभाळणाऱ्या संस्थांचीच प्रतवारी अशी लावलेली पाहिली आणि मला पहिल्यांदा वाटलं, चला, क्रम न येणारी मी एकटी नाही.

पण कपाटांपुढे हा विनोद उपयोगाचा नव्हता. 'द' चं पुस्तक हवं असलं की मी क पासून म्हणत निघायची, ओठ न हलवता, म्हणजे समोरच्याला कळू नये. ट ठ ड ढ ण पर्यंत आलं की मागे कुणीतरी खोकायचं आणि माझी साखळी तुटायची. पुन्हा क.

माझी ही पुटपुट ओळखली ती एका निवृत्त मास्तरांनी. संस्कृत शिकवलेले, रोज चारला येऊन वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचणारे. एक दिवस ते टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाय, वर्णमाला पाठ करायची नसते. तोंडात बघायची असते. क म्हण."

मी क म्हटलं.

"जीभ कुठे लागली?"

मी थोडा विचार करून म्हटलं, मागे, घशाशी.

"आता च म्हण. आता ट. आता त. आता प."

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, 'क' वर्गाच्या वाचनालयात, मी आयुष्यात पहिल्यांदा वर्णमालेचा अर्थ लावला. क ख ग घ ङ घशाशी. च छ ज झ ञ टाळूला. ट ठ ड ढ ण जीभ वर वळवून. त थ द ध न दातांना. प फ ब भ म ओठांवर. अक्षरं आतून बाहेर येत होती. आमची खाडी जशी डोंगरातून सुटून वळत वळत शेवटी मुखाशी समुद्राला मिळते तशी. मला अक्षरं आठवायची नव्हतीच, जीभ कुठे लागते ते पाहायचं होतं, आणि जीभ तर माझ्याजवळ कायम होती. य र ल व सुद्धा तसेच: टाळू, वर वळलेली जीभ, दात, ओठ. श ष स पण तसेच. प्रत्येक ओळीत दुसरं आणि चौथं अक्षर श्वास सोडून म्हणायचं, तिसऱ्यापासून घशात कंप सुरू, पाचवं नाकातून. हातावर फुंकर लागते का बघत मी ख आणि घ म्हणत बसले होते तेव्हा एक वाचक पुस्तक बदलायला आला आणि तसाच परत गेला.

ह, ळ, क्ष, ज्ञ मात्र या हिशेबात बसत नाहीत. तेवढे चार मी पाठ केले. चार येतात.

इंग्रजी अक्षरांना असलं काही नाही. ए च्या शेजारी बी का, याचं उत्तर एवढंच की फिनिशियन लोकांकडे ती तशी होती. त्यांच्याकडे पहिल्या अक्षराचं नाव बैल आणि दुसऱ्याचं घर. बैल गोठ्यात बांधला असं धरून मी पहिली दोन लक्षात ठेवते. उरलेल्या २४ बद्दल न बोललेलं बरं.

आईला महिने येत होते का, हे मी तिला कधी विचारलं नाही, कारण तिला ते लागतच नसत. तिचं वर्ष कामांनी ओवलेलं होतं. कोकमं फोडून सुकवली की आंब्याची साठं. साठं उन्हात असतानाच आगोट: तांदूळ, मिरची, सुकी मासळी, लाकडं, सगळं आत. "मिरगाक पंधरा दिस ऱ्हवले, आगोट भरूक व्हयी" हे वाक्य निघालं म्हणजे मे संपत आलाय हे मला तिच्या आवाजाच्या चढावरून कळायचं. मग मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, ७ किंवा ८ जूनला लागणारं. पेरणी, तरवा, लावणी. पुढे पावसालाही नावं होती. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. आधी माणूस तरणा होतो आणि मग म्हातारा, त्यामुळे ही दोन नक्षत्रं माझ्याकडून आजवर उलटीपालटी झालेली नाहीत. नारळी पौर्णिमा, चवथ, भातकापणी, दसरा, तुळशीचं लगीन, देवळांच्या जत्रा, कुणकेश्वरची महाशिवरात्र, शिमगा. या माळेत कुठल्याही मण्यावर बोट ठेवा, मी पुढचा सांगते. शेत कापल्याशिवाय नवं भात येत नाही आणि तुळशीचं लग्न लागल्याशिवाय घरातलं लग्न ठरत नाही.

आंगणेवाडीची जत्रा तेवढी या माळेबाहेर. तिला ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल मिळाला की तारीख निघते. सगळा जिल्हा वाट बघत असतो, कधी आहे, कधी आहे. त्या काळात मला फार बरं वाटतं. सगळेच माझ्यासारखे.

मास्तरांनीच पुढे मला मराठी महिन्यांची किल्ली दिली. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास, त्याचं नाव महिन्याला. चित्रा, चैत्र. विशाखा, वैशाख. कृत्तिका, कार्तिक. आणि सप्टेंबर म्हणजे सप्त, ऑक्टोबर म्हणजे अष्ट, नोव्हेंबर म्हणजे नव, डिसेंबर म्हणजे दश, हेही त्यांनीच सांगितलं. मी खूश होऊन बोटं मोजली तर सप्टेंबर नववा निघाला. "मास्तर, हे चुकलंय," मी म्हटलं. ते म्हणाले, चुकलं नाही, जुन्या रोमन लोकांचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, जानेवारी-फेब्रुवारी मागून जोडले, पुढे वर्षाची सुरुवातही तिकडे सरकवली, आणि नावं बदलायचं कुणी मनावर घेतलं नाही. म्हणजे दोन हजार वर्षांहून जास्त काळ सगळं जग नवव्या महिन्याला सातवा म्हणतंय आणि बाकावर उभी राहिले मी. पाडव्याच्या सुमाराला, मार्चपासून, मोजायला लागलं की डिसेंबर दहावा येतो. तेव्हापासून मी तशीच मोजते. आणि भिंतीवर कालनिर्णय आहेच. ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे आमच्या मालवणचे, १९७३ पासून त्यांचं कालनिर्णय घराघरात माझ्यासारख्यांची लाज झाकतंय.

वारांचा प्रश्न मला कधी आला नाही. सोमवारी वशाट नाही, मंगळवारी मासे, बुधवारी मासे, गुरुवारी नाही, शुक्रवारी मासे, शनिवारी नाही, रविवारी कोंबडी-वडे. ताटात बघितलं की वार कळतो.

तिथीही मला आवडतात, कारण नावातच आकडा असतो. पंचमी पाचवी, षष्ठी सहावी, लपवाछपवी नाही. बाबांकडून भरतीचा हिशेब शिकले तोही तिथीचाच. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायला पुरतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी कमी चढतं. दुसरीतल्या मुलीला पाऊणकी येत नव्हती, पण पाणी पायरीला कधी लागेल ते येत होतं.

आकड्यांचं एक दुखणं सांगायलाच हवं. कुणी दाखल क्रमांक 'छत्तीसशे सत्तेचाळीस' असा सांगितला की मी ३६७४ लिहिते. कानावर आधी सात पडतो, मग चाळीस. हात कानाचं ऐकतो. छत्तीस आणि त्रेसष्ट यांचं तर माझ्या डोक्यात खरोखरच छत्तीसचं नातं आहे. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ऐवजी 'वीस एक', बहात्तर ऐवजी 'सत्तर दोन' अशी वाचनाची रीत आली आणि महाराष्ट्रभर टिंगल उडाली. आमच्या वाचनालयातही आठवडाभर लोक एकमेकांची वयं 'साठ तीन', 'सत्तर नऊ' अशी सांगून हसत होते. मी पण हसले. खरं तर मी त्या पुस्तकाच्या बाजूची होते, पण बोलले नाही. इतकी वर्षं जे लपवलं ते चहाच्या टेबलावर कुठे उघड करायचं?

डावं-उजवं सुद्धा माझं समुद्रावर अवलंबून आहे. आमच्या किनाऱ्यावर समुद्र नेहमी मावळतीला. समुद्र उजव्या हाताला असला की मी मालवण-वेंगुर्ल्याच्या दिशेने चाललेय, डाव्या हाताला असला की विजयदुर्गाकडे. पुण्याला गेले की रिक्षावाल्याला नुसता हात करून दाखवते.

ही रीत बाबांची. ते तरुणपणी गलबतावर खलाशी होते, वेंगुर्ल्यापासून मुंबईपर्यंत कौलं, लाकूड, सुकी मासळी, जे मिळेल ते. पुढे ट्रॉलरवर तांडेल झाले. त्यांचं म्हणणं असायचं, "जमीन उजव्या हाताक म्हणजे मुंबई, डाव्या हाताक म्हणजे घर." लहानपणी झोपताना ते आम्हाला बंदरं सांगायचे. अंगाई वगैरे नाही, बंदरंच. वेंगुर्ला, निवती, मालवण, आचरा, देवगड, विजयदुर्ग, मुसाकाजी, पूर्णगड, रत्नागिरी, जयगड, बोऱ्या, दाभोळ, हर्णै, बाणकोट. मी साधारण पूर्णगडाला झोपत असे. त्यामुळे पुढची बंदरं मला बऱ्याच उशिरा कळली.

माझ्या या दुखण्याला काही नाव असेल हे मला २०१८ पर्यंत माहीत नव्हतं. त्या वर्षी ठाण्याला भावाकडे गेले होते. भाचा आठ वर्षांचा, चुणचुणीत, पण वाचायला बसला की रडायचा. त्याला तपासणीला नेलं तेव्हा मीही सोबत गेले. समुपदेशक बाईंनी त्याला वाचायला दिलं, लिहायला दिलं, मग गप्पा मारल्यासारखं विचारलं: तुझा उजवा हात कुठला? सातचा पाढा येतो? महिने सांग. आता उलटे सांग, डिसेंबरपासून. तो खालमानेने अडखळत होता आणि त्याच्या मागच्या खुर्चीवर बसून मी मनातल्या मनात तीच परीक्षा देत होते. नोव्हेंबरपाशी आम्ही दोघं एकदम थांबलो.

बाईंनी नंतर समजावलं, की हे प्रश्न उगीच नाहीत. ब्रिटनमध्ये वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातले टिम माइल्स यांच्या लक्षात आलं होतं की डिस्लेक्सिया असलेली माणसं वाचायला शिकली तरी पाढे, डावं-उजवं, सुलटे आणि उलटे महिने यांत अडखळतात. त्यांनी त्यावरून एक चाचणी बेतली, तीत हे सगळं आहे, आणि घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का हाही एक प्रश्न आहे. तो प्रश्न आला तेव्हा भाऊ म्हणाला, नाही. मी खिडकीबाहेर पाहिलं. परतताना रिक्षात त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला? तू तर वाचनालय चालवतेस!"

भाच्याला प्रमाणपत्र मिळालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आता आहे, त्यामुळे परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. मी स्वतःला कधी तपासून घेतलं नाही. ५२ व्या वर्षी जादा वेळ मागायचा तो कुणाकडे?

बाबांची गोष्ट २०२३ ची. अधिक श्रावणाचं वर्ष, ऑगस्टचे पहिले दिवस, बाहेर धो धो पाऊस. बाबा ८१ वर्षांचे. दोन दिवस जेवले नव्हते, तिसऱ्या दिवशी मला आत्याच्या नावाने हाक मारू लागले. तालुक्यात सलाइन लावलं, मग फोंडा घाट चढून कोल्हापूरला नेलं. मेंदूचे डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली.

"आजोबा, आता कुठला महिना चाललाय?"

"श्रावण."

"इंग्रजी महिना सांगा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "यंदा दोन श्रावण आसत," ते डॉक्टरांना म्हणाले, जशी काही तीच खरी अडचण होती.

"बरं. शंभरातून सात गेले?"

"त्र्याण्णव."

"त्यातून सात?"

"श्यांशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट." डॉक्टरांनी थांबवेपर्यंत बाबा थांबले नाहीत. मासळीच्या लिलावात आयुष्य गेलेला माणूस, वजाबाकी तापातही चालू होती. डॉक्टर खूश दिसले. मग ते म्हणाले, "आता महिने उलटे सांगा. डिसेंबर, नोव्हेंबर, असे."

"डिसेंबर," बाबा म्हणाले. मग बराच वेळ गेला. "नोव्हेंबर." मग, "सप्टेंबर." मग त्यांनी हात चादरीवर पालथा ठेवला. "डाक्टरांनू, म्हयने खय उलटे येतत?"

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी त्या पेनाकडे बघत होते. मला सांगायचं होतं, की हे आजारामुळे नाही, यांना हे कधीच येत नव्हतं. पण मला तरी हे कुठे माहीत होतं? बाबांना महिने म्हणायला लावण्याचा प्रसंग आमच्या घरात कधी आलाच नव्हता. आणि ते नोव्हेंबरनंतर चुकले हेसुद्धा मला डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं, कारण मी मनात म्हणत होते तेही सप्टेंबरच.

"डॉक्टर," मी म्हटलं, "मला पण येत नाहीत."

ते जरा हसले. त्यांना वाटलं, धीर द्यायला म्हणतेय.

"बाबा," मी म्हटलं, "बंदरां सांग. मुंबयसून खाली."

बाबांनी डोळे मिटले. "बाणकोट, हर्णै, दाभोळ, बोऱ्या, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, मुसाकाजी, विजयदुर्ग." इथे त्यांनी श्वास घेतला. "देवगड, आचरा, मालवण, निवती, वेंगुर्ला." मग डोळे उघडून विचारलं, "आता वर जावया?"

डॉक्टरांनी विचारलं, बरोबर आहे का? ते घाटावरचे, त्यांना बंदरांचा क्रम कुठून माहीत असणार. मी हो म्हटलं. वाटेत मुक्काम करत जाणारा माणूस येतोही त्याच वाटेने, हे सुचलं ते मला रात्री, दवाखान्याच्या बाकड्यावर. फेब्रुवारीतून जानेवारीत परत आलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

रक्तात सोडियम उतरलं होतं, तेवढंच निघालं त्या वेळी. आठ दिवसांनी बाबा घरी आले आणि मला माझ्या नावाने हाक मारू लागले. स्कॅनच्या कागदावर वयोमानाप्रमाणे असं काहीतरी लिहिलं होतं, तो कागद मी घडी करून कालनिर्णयाच्या मागे ठेवला.

गेल्या शिमग्यापासून मात्र वेगळं आहे. बाबा पडवीत बसतात, समोर खाडी. बोलणं कमी झालंय. मी वाचनालयातून आले की कधी कधी स्वतःच सुरू करतात, वेंगुर्ला, निवती, मालवण, आणि कुठेतरी मध्ये अडतात. परवा जयगडाशी अडले. "जयगड," म्हणाले, आणि मग बोट खाडीकडे नुसतंच धरून राहिले. "फुडे काय गो बाय?"

जयगडच्या पुढे काय, असं मधूनच विचारलं तर मला कसं येणार? मला पहिल्यापासूनच निघावं लागतं. मी त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, वेंगुर्ला. निवती. मालवण. आचऱ्याला बाबा माझ्याबरोबर बोलू लागले. देवगड, विजयदुर्ग, मुसाकाजी. पूर्णगडाला मला जांभई आली, इतक्या वर्षांची सवय. रत्नागिरी, जयगड.

"दाभोळ," मी म्हटलं.

"थांब," बाबा म्हणाले. "बोऱ्या ऱ्हवला."